पोटवाटणं

डब्याचं झाकण फडताळावरून घसरलं आणि फरशीवर गोल गोल फिरत टणटणत राहिलं. दुपारच्या त्या शांततेत ते थांबता थांबेना. कुंदानं धावत जाऊन त्यावर पाय ठेवला, तेव्हा कुठं ते गप्प झालं. झोळीतल्या वसंतानं एकदा मूठ उघडली, परत मिटली. सात महिन्यांचं लेकरू, नुकतंच झोपलेलं.

"मी नाई पाडलं," पाच वर्षांची अनुपमा म्हणाली. तिच्या एका हातात संत्रं होतं आणि पायांखाली वर चढायला घेतलेला पाट.

फडताळावरचा तो पत्र्याचा डबा माहेरचा होता. आता त्यात लाडू नव्हते, कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. कुंदाचे यजमान, उद्धवराव, अमरावतीच्या शाळेत मास्तर. शाळेत पुस्तकी मराठी शिकवून शिकवून घरातही तीच बोलायची सवय लागलेली. पेन्शनीत निघालेले त्यांचे जुने हेडमास्तर रामरावजी वऱ्हाडातल्या घरगुती शब्दांचा कोश करत होते, आणि मास्तरांनी ते काम स्वतःहून अंगावर घेतलं होतं. एका चिठ्ठीवर एक शब्द. खाली अर्थ, त्याखाली मूळ, त्याखाली कोणत्या घरी ऐकला ते. आज रविवार, म्हणून ते खिडकीशी बसून चिठ्ठ्या लावत होते.

कुंदानं संत्रं सोललं. अर्धं मास्तरांपुढे ठेवलं, अर्धं अनुपमाच्या ओंजळीत दिलं. तेवढ्यात दारात शेजारची दोघं भावंडं येऊन उभी राहिली. मागत नव्हती. नुसती पाहत होती.

"दे त्याईले," कुंदा म्हणाली.

"अर्धं तं बाबांले गेलं. आता माया अर्ध्यातलं कायले?"

"म्हणूनच तं म्हणते. पोटवाट जरा."

अनुपमानं तोंड वाकडं केलं, पण दोन दोन फोडी काढून दिल्या. मास्तरांनी मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"कोणाले?"

"पोरीला. पोट... काय?"

"पोटवाट म्हटलं. काहून? चुकलं का कायी?"

मास्तरांनी कोरी चिठ्ठी ओढून घेतली होती. त्यांच्या चेहऱ्यावर, बाजारात हरवलेला रुपया सापडावा तसा आनंद. "अर्थ सांग."

"आता अर्थ काय सांगू? वाटून झालेलं असते. आपला वाटा आपल्या हातात असते. अन् कोणी उशिरा येते. मंग आपल्या वाट्याचेच आणखी वाटे करा लागते. थे पोटवाटणं."

त्यांनी लिहून घेतलं. "आणि मूळ? कुठून आला हा शब्द?"

"आई म्हणे," कुंदा म्हणाली, आणि संत्र्याची सालं गोळा करायला खाली वाकली. वाकलेलीच राहिली थोडा वेळ.

मास्तर सावकाश म्हणाले, "रामरावजींचा नियम आहे, कुंदा. दोन वेगवेगळ्या घरी ऐकल्याशिवाय शब्द घेत नाहीत. एका घरचा शब्द म्हणजे लाडाचं नाव, म्हणतात. तो कोशात जात नाही." मग तिच्याकडे न पाहता, "तुझ्या गावी आणखी कोणी म्हणत असेल. जाऊन येतेस का दोन दिवस?"

सहा महिन्यांत त्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. दोनदा ती नाही म्हणाली होती.

"जाते," ती म्हणाली. शब्दासाठी जाते असंच त्यांना वाटू दिलं.

*

कुंदाचं माहेर अकोटजवळच्या एका गावात, पानमळेवाल्यांचं. पहिलं बाळंतपण तिथंच झालं. दुसऱ्या खेपेला आईच्या अंगात ताप मुरलेला, म्हणून कुंदा अमरावतीतच राहिली. आषाढ सरता सरता वसंता झाला. दहाव्या दिवशी, पानांच्या करंड्या घेऊन आलेल्या गावच्या माणसाबरोबर आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा धाडला.

कुंदानं झाकण काढलं, तर डबा अर्धाच.

पहिल्या वेळी काठोकाठ भरला होता, एवढा की झाकणावर फडकं बांधावं लागलं होतं. बाळंतिणीचं मन ते. केवढ्याशा गोष्टीनं भरून येतं. पाच दिवस तिनं ते मनात घोळवलं आणि मग राजाचं डोकं छापलेल्या कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं: "आईस शिरसाष्टांग. डबा पोचला. अर्धाच निघाला. लेक दूर गेली की आठवणही अर्धीच उरते काय?"

थट्टेत लिहिलं होतं. निदान लिहिताना तरी तसं वाटलं होतं.

उत्तर भावानं, शेषरावदादानं लिहिलं. आई बरी आहे, आशीर्वाद सांगते. मग आणखी एक कार्ड तसंच. मग आणखी एक. कुंदा लाडू खात होती, बाळाला पाजत होती, आणि आईनं डब्याबद्दल एक अक्षर कसं सांगितलं नाही म्हणून रुसत होती. सव्वा महिना झाला, तिनं विहिरीची पूजा केली, आणि त्या संध्याकाळी मास्तर तिच्यासमोर पाट घेऊन बसले. कोपरा फाडलेलं एक कार्ड शाळेच्या पत्त्यावर तीन आठवड्यांमागेच आलं होतं. ते वाचून त्यांनी तिथंच फाडून टाकलं होतं. ओल्या बाळंतिणीला मरणाची बातमी द्यायची नसते, दूध आटतं. गावाकडून तसा निरोपच होता.

म्हणजे आई नसताना तिनं जवळजवळ महिनाभर आईवर रुसून काढला होता.

ती रडली, ते सगळ्यांना दिसलं. पण एक गोष्ट तिनं कोणालाच विचारली नाही. आईला अक्षर येत नव्हतं. कार्ड आलं की ती कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायची, दोनदा, कधी तीनदा. ते अर्ध्या डब्याचं कार्ड आईला कोणी वाचून दाखवलं होतं का? तेच ऐकत ती गेली का? हे विचारायला माहेरी जायला हवं होतं, आणि उत्तराच्या धाकानं सहा महिने पाय उचलत नव्हता. रात्री बाळाला थोपटताना डोळ्यांपुढे तो मळा यायचा, शेवरीच्या सावलीतली ओली माती यायची, आईच्या लुगड्याला येणारा पानाचा तिखट वास यायचा. मग ते कार्ड यायचं.

*

बडनेऱ्याला गाडी बदलून कुंदा अकोल्याला उतरली, पुढे सर्व्हिस मोटारीनं अकोट. अनुपमा खिडकीतून दिसेल ते विचारत होती, वसंता मोटारीच्या हादऱ्यांनी झोपून गेला होता. अकोटला शेषरावदादाची बैलगाडी उभी होती. आणायला मात्र गडी आला होता. दादा मळ्यात, म्हणाला. वेली उतरवणं चालू आहे.

दारात वहिनी उभी होती. गंगूबाई. तिनं काही बोलायच्या आधी भाकरीचा तुकडा वसंताच्या अंगावरून तीनदा ओवाळला, बाहेर टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि मग म्हणाली, "या बाई. वाट सापडली म्हणा."

"सापडली वैनी."

"वायली झाली तुमी. मास्तर खाऊ घालत नाई का? नुसतं शिकवते?"

कुंदाला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला. घर तेच होतं. चूल तीच. चुलीपुढचा आईचा पाट मात्र भिंतीला उभा करून ठेवलेला.

तिनं आधी सोपं तेच विचारलं. "वैनी, तुमच्यात पोटवाटणं म्हणते का कोणी?"

"पोटवाटणं?" गंगूबाईनं तव्यावरची भाकर उलटली. "थे सासूबाईचं बोलणं होय. आमी कायले म्हणू? माया माहेरी नाई असा शबुद. अन् ह्या पोराईले सांगून पाहा बरं आपल्यातलं द्या म्हणून. डोकं फोडते एकमेकाचं." मग मान वळवून, "एवढ्यासाठी आल्या का बाई अमरावतीहून?"

कुंदा मागे वळली. देवळीशेजारी भिंतीला ती तार होती, आकड्याची, येतील ती कार्डं जिच्यात खोचत जायची. वरची तीन-चार तिनं सरकवली. आणि खाली तिचंच अक्षर निघालं. पेन्सिलीचं, थोडं पुसट. आकड्यानं बरोबर 'अर्धीच' या शब्दाला भोक पाडलं होतं.

"हे कार्ड, वैनी." तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे आईले वाचून दाखवलं काय?"

गंगूबाईनं तवा खाली उतरवला. हात पुसले. जवळ आली, कार्ड पाहिलं. वाचता येत नव्हतं तिलाही, पण कार्डाची खूण पटली असावी.

"हे तं तिसऱ्या दिवशी आलं," ती म्हणाली. "राख सावडून घरी आले होते हे. पोस्टमन दारात. यायनं उभ्या उभ्या वाचलं अन् तारेले खोचलं. आई कुठी होती मंग, बाई?"

कुंदानं कार्ड तारेवरून काढलं आणि ती भिंतीशी बसली. सहा महिने छातीवर होतं ते सरकलं, आणि त्याच्या जागी काय आलं ते तिला सांगता येईना. आईनं ऐकलं नव्हतं. आईनं काहीच ऐकलं नव्हतं, वसंताचं नाव काय ठेवलं तेसुद्धा.

"तुमाले सांगू नका, हे मीच म्हटलं होतं," गंगूबाई शेजारी बसत म्हणाली. "शिव्या द्याच्या तं मले द्या, यायले नोका देऊ. मायी माय गेली तवा मी सातव्या दिवसाची बाळंतीण. मले सांगतलं. दूध गेलं ते गेलंच. पोरगं शेळीच्या दुधावर काढलं मी, सारं गाव पाहत होतं. म्हटलं, कुंदाबाईचं तसं नोको."

बाहेर अनुपमा मामेभावांशी भांडत होती. मग कुंदा हळूच म्हणाली, "डबा अर्धा होता, वैनी. काहून?"

"मी तं गच्च भरला होता. तापात पडल्या पडल्या सासूबाईनं एकेक लाडू वळवून घेतला मायाकडून. हा बारका झाला, हा ढिला झाला. मंग जयवंताले बोलावलं, अन् मले म्हणे, तू विहिरीवर जाय. वापस आली तं डबा अर्धा. पुसलं तं म्हणे, कुंदाचं अन् मायं आहे थे." गंगूबाईनं नाक मुरडलं, पण डोळे भरले होते. "मळ्यात जा. जयवंताले पुसा. मायाशी थ्या दोघी बोलत नसत."

*

जयवंता म्हणजे पानमळ्यातली मजुरीण. आईच्या लग्नाआधीपासूनची, की बरोबरीची, कुंदाला कधी नीट कळलं नव्हतं. मळ्याच्या कडेला तिची झोपडी.

कुंदानं बांधावरच चपला काढल्या. अनुपमालाही काढायला लावल्या.

"काहून?"

"मळ्यात अनवाणीच जा लागते. देवाची जागा असते हे."

आत गारवा होता. शेवरीच्या बारीक खोडांना चढलेल्या वेली, वरून गाळून येणारं हिरवं ऊन, पायाखाली ओली माती. शेषरावदादा पलीकडच्या टोकाला होता, त्यानं दुरूनच हात वर केला, तसाच धरून ठेवला थोडा वेळ. अलीकडच्या ओळीत म्हातारी जयवंता वाकली होती. शेंड्यापर्यंत गेलेली वेल ती वरून सोडवत होती, जुना पिळा वाटोळा करून मातीत पुरत होती आणि कोवळा शेंडा तेवढा परत शेवरीला बांधत होती.

"चपला काढल्या ना?" तिनं मान वर न करता विचारलं.

"काढल्या."

आवाजानं म्हातारी वळली. डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली. "पार्बताची कुंदा नं तू? माय वो. अन् हे पोट्टं कोणाचं, मास्तराचं का? नाक तं बापाचं दिसते. जाऊ दे, मोठं झाल्यावर सुधरीन."

कुंदा हसली आणि त्याच दमात रडली. जयवंतानं तिला रडू दिलं. हाताला लागलेली माती लुगड्याला पुसली आणि म्हणाली, "चाल घरी. इथं बसाले जागा नाई."

झोपडीपुढे जयवंताची सून लीला चुलीशी होती. तिच्या मांडीवर वसंताएवढाच एक मुलगा, गुटगुटीत, तेल लावलेला. शेजारी पाच-सहा वर्षांची पोरगी हातात चतकोर भाकर धरून पाहुण्यांकडे बघत उभी. लीलानं सासूबरोबर कोण आलं ते पाहिलं, पदर सारखा केला, आणि भाकरीचं टोपलं हातानं चाचपलं. ते रिकामं होतं. मग अगदी सहज, रोजचं बोलावं तसं ती पोरीला म्हणाली,

"पाहतं काय? पाव्हणी आली तुयाएवढी. पोटवाट तिले."

पोरीनं चतकोराचे दोन केले आणि एक अनुपमापुढे धरला.

कुंदा होती तिथं उभी राहिली. वसंताला तिनं एवढं घट्ट धरलं की तो कुरकुरला. तिच्या माहेरच्या चुलीपाशी जो शब्द उरला नव्हता, तो इथं एका परक्या सुनेच्या तोंडून, दुसरंच काही काम करता करता, बाहेर पडला होता. आवाज आईचा नव्हता. पण शब्दावरचा भार तोच. 'पोट' लांबवायचं आणि 'वाट' झटकन टाकायचं.

"हे तुमी... हे कोठून शिकल्या?" तिनं लीलाला विचारलं.

"आत्याबाई म्हणते. घरात सारेच म्हणते." लीला गोंधळली. "काहून, वंगाळ आहे का?"

"मायाच शबुद होय तो," जयवंता उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "पार्बतानं नेला. पार्बताची सासू, तुयी आजी, कुंदे, लय कडक बाई. मळ्यात येणाऱ्या सुनेले मोजून एक भाकर बांधून दे. मी मजुरीण, मायाजवळ एखांद्या दिवशी तेवढंही नसे. पार्बता अर्धी करे. अर्धी मले. मंग दीर येई मोटेवरून, तं तिच्या अर्ध्याची चतकोर. मंग कोणाचं लेकरू येई, तं चतकोराची नितकोर. एक दिवशी मी म्हटलं, अव पार्बते, हे वाटणं नोहे. हे तं पोट वाटणं होय. असं वाटत गेली तं तुयं पोट कोठी ठेवशीन? तं लय हासली. तवापासून आमचा थो शबुद."

नातवाला लीलाच्या मांडीवरून उचलून तिनं आपल्याकडे घेतलं.

"लीला अन् तू एकाच पंधरवड्यातल्या बाळंतिणी. आमच्या घरी डिंक कोठला आणा? पार्बतानं बोलावलं मले. हात कापत होते तिचे. डब्यातले अर्धे मोजून फडक्यात बांधून देल्ले. मी म्हटलं, अव लेकीचे होय थे, लेकीले काय वाटीन? तं म्हणे, कुंदाले सांगा लागत नाई. मायीच पोरगी होय. झाकण काढलं की तिले समजते."

कुंदाचा हात कमरेला गेला. तिथं, लुगड्याच्या निऱ्यांत, तारेवरून काढून आणलेलं ते कार्ड खोचलेलं होतं. त्याचा कोपरा पोटाला टोचत होता. जयवंताला ते कधी दाखवायचं नाही, हे तिनं ठरवलं. आणि टाकूनही द्यायचं नाही, हेही.

समोर ते दोन्ही मुलगे एका वाकळीवर शेजारी ठेवले होते. दोघांचे पाय एका लयीत हलत होते. एकानं दुसऱ्याची बोटं धरली आणि तोंडात घातली.

मास्तरांनी दिलेली चिठ्ठी तिनं पिशवीतून काढली, गुडघ्यावर ठेवली. पेन्सिलीला थुंकी लावली. 'घर दुसरे' यापुढे लिहिलं: जयवंता, पानमळ्यातील. लिहिताना तिला आपलंच अक्षर बरं वाटलं. 'मूळ' पुढची जागा कोरी होती. रामरावजींना काय लिहून पाठवायचं? एक भाकर. एक डबा.

अनुपमा भाकरीचा तुकडा चघळत तिच्या खांद्याला रेलली होती. केव्हापासून ती काहीतरी बोटांवर मांडत होती. एक बोट दुमडलं, दुसरं दुमडलं, परत दोन्ही उघडली.

"आई."

"काय वो?"

"अर्धे लाडू तुले आले."

"हो."

"अर्धे ह्याईले आले."

"हो."

"अन् भाकर पण साऱ्याईले देल्ली." पोरीनं बोटं मिटलेला हात आईपुढे धरला. "मंग आजीनं काय खाल्लं?"